मेडोज टेलर आणि त्याचे मराठी वाचक

आदिलाबादहून उटनूरकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत इंद्रवेल्ली हे गाव लागते. बाजाराच्या दिवशी तेथे घटकाभर उभे राहावे. गोंडी, मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानांवर पडतात, आणि एकच मनुष्य घरात एक, दुकानात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलताना दिसतो. जवळच केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील गोंडांचे हे दैवत. जत्रेला येणाऱ्यांत मराठी बोलणारेही कमी नसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भागही तिकडे गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा अशा बदलत गेल्या, परंतु येथील माणसांच्या जिभेवरील मराठी हटली नाही.

याच गावी एका शिक्षकमित्राने मला एकदा प्रश्न केला. मी त्या वेळी मेडोज टेलर या इंग्रज ग्रंथकाराविषयी काही टिपणे करीत होतो. मित्र म्हणाले, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या साहेबाच्या कादंबऱ्यांचे आज आम्हांला काय? डिकन्स वाचणारे, थॅकरे वाचणारे विलायतेत पुष्कळ आहेत. त्यांनी आपापल्या ग्रंथकाराची काळजी वाहावी. इंद्रवेल्लीच्या मराठी माणसाने टेलरसाठी दिवा का जाळावा?" प्रश्न रास्त होता. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, थोडे उशिराचे उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी, की टेलर हा लंडनच्या धुक्यातला कादंबरीकार नव्हे. तो आपल्याच मुलखातला. फिलिप मेडोज टेलर याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडिलांची आर्थिक स्थिती खालावलेली होती. म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, हा मुलगा मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीत उमेदवारी करण्यासाठी आला. येऊन पाहतो तो पेढीच डबघाईस आलेली. अखेर एका आप्ताच्या खटपटीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. येथून पुढे १८६० पर्यंत, रजेचा काळ वगळता, त्याचे सारे आयुष्य दख्खनमध्येच गेले. कंपनी सरकारच्या चाकरीतील अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी प्रांत बदलीत आणि कोणत्याच प्रांताचे होत नसत. टेलर निजामाचा चाकर असल्यामुळे त्याचा मुक्काम औरंगाबाद, बोलारम, सुरपूर, नळदुर्ग असा एकाच भूमीत फिरत राहिला. तो फारसी व हिंदुस्थानी शिकला, मराठीही शिकला. हैदराबादेचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी त्याने विवाह केला. या पामरांची आई हिंदी मुसलमान बेगम होती. तेव्हा टेलरच्या संसारातही हिंदुस्थान होता, हे लक्षात ठेवावयास हवे.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पोलिसांच्या कामावर नेमण्यात आले. रस्त्यावरील प्रवासी नाहीसे होतात, कोठे विहिरीत, कोठे शेतात प्रेते सापडतात, आणि खुनी मात्र हाती लागत नाहीत, असे काहीतरी गूढ त्या काळी देशभर पसरलेले होते. टेलर या गूढाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला आणि तेवढ्यात त्याला परत फौजेत बोलाविण्यात आले. ठगांचा उलगडा करण्याचे श्रेय पुढे कर्नल स्लीमन यांना मिळाले. ते आपल्या हातून थोडक्यात हुकले, ही खंत टेलरने आत्मचरित्रात बोलून दाखविली आहे. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घेण्याचे काम मात्र त्याच्याकडे आले, आणि त्या कामातूनच त्याची पहिली कादंबरी निर्माण झाली.

'कन्फेशन्स ऑफ ए ठग', म्हणजेच 'ठगाचा कबुलीजबाब', हे पुस्तक १८३९ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाले. आजारपणामुळे टेलर तेव्हा रजेवर मायदेशी होता. अमीर अली नावाचा ठग तुरुंगात साहेबासमोर बसून आपली कथा सांगतो आणि साहेब ती टिपून घेतो, अशी या कादंबरीची रचना आहे. आपल्या हातून ७१९ माणसे मेली, असे हा अमीर अली सांगतो. त्याच्या स्वरात पश्चात्ताप थोडा आणि कारागिराचा अभिमान अधिक! अमरावतीहून हैदराबादेस निघालेल्या एका सावकाराला गोड बोलून सोबत घेतात, दिवसामागून दिवस त्याच्याशी गप्पा मारतात, त्याचा विश्वास संपादन करतात आणि ठरल्या ठिकाणी रुमालाचा फास आवळतात. हा प्रसंग ज्याने वाचला त्याला तो विसरता येत नाही. राणी व्हिक्टोरिया तेव्हा विशीतली तरुणी होती. छापखान्यातून निघतील तसतसे फर्मे तिने मागवून वाचले, असे टेलरने लिहून ठेवले आहे.

वऱ्हाडातून हैदराबादेकडे जाणाऱ्या वाटा आपल्या आदिलाबादकरांना परक्या नाहीत. नागपूरहून हैदराबादेस जाणारा जुना रस्ता निर्मळवरून उतरत असे. अशा वाटांवरील सराया, झाडाखालचे मुक्काम, नदी उतरण्याची ठिकाणे, रात्री शेकोटीभोवती चालणाऱ्या गोष्टी, शकुन पाहण्याच्या तऱ्हा, हे सारे टेलरने डोळ्यांनी पाहिलेले होते. रेल्वे येण्यापूर्वीचा दख्खनचा रस्ता कसा होता, हे जाणून घ्यावयाचे असेल तर या कादंबरीइतके जिवंत साधन क्वचितच सापडेल.

यानंतर १८४० मध्ये 'टिपू सुलतान' ही त्याची दुसरी कादंबरी आली. येथे मराठी वाङ्मयाचा संबंध सुरू होतो. हरि नारायण आपटे यांनी १८९० च्या सुमारास 'म्हैसूरचा वाघ' ही कादंबरी लिहिली, ती टेलरच्या 'टिपू सुलतान'चे रूपांतर होय. हरिभाऊंची ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. याच्या आधी, १८८५ साली, त्यांनी 'मधली स्थिती' लिहिली होती. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार होता. रेनॉल्ड्सचे नाव आज विलायतेत फारसे कोणी घेत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील तरुणांना त्याने अक्षरशः वेड लावले होते. लंडनमधील गुप्त तळघरे, सरदारांची पापे आणि गरिबांचे हाल यांच्या कथा पुण्या-मुंबईचे विद्यार्थी दिव्याखाली जागून वाचीत. रेनॉल्ड्सने आपल्या वाचकांना लंडन दाखविले. टेलरने मात्र त्यांना त्यांचाच देश दाखविला. हरिभाऊंसारख्या जाणत्या वाचकाला या दोहोंतला फरक उमगला नसेल, असे म्हणता येत नाही. आपल्या इतिहासावर, आपल्या गडकोटांवर, आपल्याच नावांच्या माणसांवर विस्तृत कादंबरी उभी राहू शकते, ही शक्यता त्यांना ज्या पुस्तकांत दिसली, त्यांत टेलरचे पुस्तक होते.

टेलरच्या आयुष्यातील सर्वांत मोठा काळ सुरपूर संस्थानात गेला. कृष्णा आणि भीमा यांच्या दुआबातील हे बेडर नायकांचे राज्य. आज ते कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात आहे. राजा व्यंकटप्पा नायक हा लहान मूल होता. राज्यकारभार पाहण्यासाठी १८४० नंतरच्या काळात टेलरची तेथे नेमणूक झाली आणि १८५३ पर्यंत तो तेथे राहिला. टेकडीवरील त्याचा बंगला 'टेलर मंझिल' या नावाने आजही ओळखला जातो. अनाथ राजा त्याला 'अप्पा' म्हणत असे.

सुरपुरात असताना टेलरने आणखी एक काम केले. त्या भागात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे व दगडी पेट्यांची प्राचीन दफने आहेत. टेलरने त्यांतील काही उकरली, आणि उकरताना वरपासून खालपर्यंत मातीचे थर कसे होते, सांगाडे व मडकी कोणत्या थरात होती, याचे छेद काढून ठेवले. त्या काळी बहुतेक ठिकाणी उत्खनन म्हणजे मौल्यवान वस्तू शोधण्याचा उद्योग होता. शंभर वर्षांनी सर मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाने आपल्या शास्त्रावरील ग्रंथात टेलरच्या या छेदचित्रांचा गौरवाने उल्लेख केला. आपल्या हैदराबादेतही त्याची कदर झाली. टेलरचे १८५१ ते १८६८ या काळातील निबंध निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी ते एकत्र करून, त्यांवर टिपा लिहून १९४१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्या सरकारची त्याने चाकरी केली, त्याच सरकारच्या खात्याने त्याच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी त्याचे विखुरलेले काम गोळा करावे, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील प्रदेश इंग्रजांच्या हवाली केला. त्यांपैकी नळदुर्गचा जिल्हा टेलरकडे आला. येथे त्याचा मराठी मुलखाशी निकटचा संबंध जडला. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरील पाण्याचा बांध, आणि पलीकडे बालाघाटाच्या कड्यावर तुळजाभवानीचे क्षेत्र. याच परिसरातून त्याची सर्वांत महत्त्वाकांक्षी कादंबरी उगवली. 'तारा' हे तिचे नाव. सेवानिवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर १८६३ साली त्याने ती प्रसिद्ध केली.

'तारा' ही तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या आहे. ती देवीची मुरळी होते, तिच्यावर संकटे कोसळतात, आणि अखेरीस अफझलखानाचा पुत्र फाझल याच्याशी तिचा विवाह होतो. पार्श्वभूमीला विजापूरचा दरबार, शिवाजी महाराजांचा उदय आणि प्रतापगडची भेट. वाचकांनी एक कालगणना ध्यानात घ्यावी. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ज्या रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'चा मान आहे, ती १८७१ सालची. म्हणजे शिवकालावर मराठी माणसाने मराठीत कादंबरी लिहिण्यापूर्वी आठ वर्षे, एका निवृत्त इंग्रज कर्नलाने तुळजापूरच्या आठवणींवर त्याच काळाची कादंबरी इंग्रजीत लिहून टाकली होती.

परंतु ती लिहिताना त्याने इतिहासाला किंचित वाकविले. १६५७, १७५७ आणि १८५७ या तीन सालांवर तीन कादंबऱ्या रचाव्यात, अशी त्याची योजना होती. पहिल्या सालात मराठ्यांचा उदय, दुसऱ्यात प्लासीची लढाई, तिसऱ्यात बंड. त्याप्रमाणे 'तारा'नंतर १८६५ मध्ये 'राल्फ डार्नेल' आणि १८७२ मध्ये 'सीता' या कादंबऱ्या आल्या. शतकांची ही साखळी दिसावयास सुबक आहे. पण अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला, हे आपल्याकडचा शाळकरी मुलगाही सांगेल. साखळी जुळावी म्हणून दोन वर्षे मागे सरकली! त्याहून महत्त्वाचा फरक दृष्टीचा आहे. टेलरच्या सहानुभूतीचे माप विजापूरच्या खानदानी सरदारांच्या पदरात अधिक पडते, आणि मावळातील नवी शक्ती त्याला चतुर, धाडसी, पण काहीशी कपटी वाटते.

आता हरिभाऊंकडे पाहा. १८९५ पासून त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' येऊ लागली. काळ जवळपास तोच, विजापूरच्या सत्तेची छाया तीच, इमानी किल्लेदार आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्याचा पुत्र यांच्यामधील ताण हा विषय. येथे कथा आतून सांगितलेली आहे. बादशाही चाकरीचे इमान खोटे नव्हते, हे हरिभाऊ जाणतात, म्हणूनच ते इमान सोडणाऱ्या तरुणाची वेदना त्यांना दाखविता येते. टेलरला दोन्ही पक्ष दिसले. हरिभाऊंना एकाच घरातील दोन पिढ्या दिसल्या. शिष्याने गुरूकडून आराखडा घ्यावा आणि घर मात्र आपल्या मातीचे बांधावे, तसे हे झाले. 'टिपू सुलतान'च्या रूपांतरापासून 'उषःकाल'च्या स्वतंत्र निर्मितीपर्यंतचा हा सहा-सात वर्षांचा प्रवास मराठी कादंबरीच्या वाढीतील एक महत्त्वाची मजल आहे. कुसुमावती देशपांडे यांनी १९५३-५४ मध्ये 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या दोन भागांच्या ग्रंथात या वाढीचा जो साक्षेपी आलेख काढला, तो या विषयाच्या जिज्ञासूने अवश्य पाहावा.

टेलरच्या चरित्रातील शेवटचा अंक दुःखद आहे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. उत्तरेत आगडोंब उसळलेला असता त्याच्याजवळ सैन्य जवळजवळ नव्हते, तरी तो प्रदेश शांत राहिला. तिकडे सुरपुरात मात्र त्याचा व्यंकटप्पा, आता तरुण झालेला राजा, १८५८ च्या प्रारंभी बंडात उतरला आणि पकडला गेला. ज्याने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, तो टेलर त्याला कैदेत भेटला. राजाची शिक्षा सौम्य होत होत अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली होती. पण मद्रासकडे नेत असता वाटेत, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मरण पावला. संस्थान खालसा झाले आणि १८६० मध्ये निजामास देण्यात आले. पालक आणि शासनकर्ता या दोन भूमिका एकाच माणसाने बजावल्या म्हणजे काय होते, ते आत्मचरित्राच्या या पानांत दिसते. टेलरचे दुःख खरे आहे. परंतु ज्या सत्तेने त्या राजाला गाठले, तिचाच तो अंमलदार होता, हेही तितकेच खरे आहे.

टेलर १८६० साली प्रकृती ढासळल्यामुळे परतला. १८७५ मध्ये सालारजंग यांच्या निमंत्रणावरून तो एकदा पुन्हा हैदराबादेस येऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्याने देह ठेवला. चांदबिबीवरील त्याची कादंबरी मृत्यूनंतर १८७८ मध्ये निघाली. त्याचे आत्मचरित्र कन्या ॲलिस हिने संपादून १८७७ मध्ये प्रकाशित केले आणि त्याला टेलरचा आप्त हेन्री रीव्ह याने प्रस्तावना लिहिली. पुढे १९२० मध्ये हेन्री ब्रूस याने त्याची नवी आवृत्ती काढली. एका विस्मृत होत चाललेल्या ग्रंथकाराला असे एकेक जण हात देऊन पुढच्या पिढीकडे पोहोचवीत असतात. यांपैकी कोणालाही त्यातून द्रव्यलाभ व्हावयाचा नव्हता. आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्याबरोबर संपू नये, एवढीच त्यांची इच्छा.

श्रोतेहो, येथपर्यंत ऐकल्यावर माझे इंद्रवेल्लीचे मित्र म्हणतील, की हे सारे मान्य, पण यात आमचे काय? आता त्याच प्रश्नाकडे वळतो.

'ठगाचा कबुलीजबाब' हे पुस्तक निरुपद्रवी नाही. त्याच्या तीन वर्षे आधी, १८३६ साली, ठगांविरुद्धचा कायदा झाला होता. एखादा मनुष्य ठगांच्या टोळीचा आहे एवढे सिद्ध झाले की पुरे, त्याने अमुक एक गुन्हा केला हे सिद्ध करण्याचे कारण नाही, आणि शिक्षा मात्र जन्मठेपेची! या कायद्यामागची कल्पना टेलरच्या कादंबरीने हजारो वाचकांच्या मनात पक्की रुजविली. गुन्हेगारी हा येथील काही लोकांचा वंशपरंपरागत धर्मच आहे, अशी समजूत तिने बळावली. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आले. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु विमुक्त म्हणविणाऱ्या त्या जमातींच्या कपाळावरचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. अलीकडच्या संशोधकांनी, विशेषतः किम वॅग्नर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात, ठगांचे मूळ दप्तर पुन्हा तपासले. रस्त्यावरचे खून खरे होते, खुनी टोळ्याही खऱ्या होत्या. पण बेकारी, मोडलेल्या फौजा, जमीनदारांचा आश्रय अशी त्यांची लौकिक कारणे होती, आणि धर्मवेड्या गुप्त पंथाचे चित्र बरेचसे जबानी घेणाऱ्यांच्या प्रश्नांतून तयार झाले होते, असे या संशोधनातून दिसते.

कबुलीजबाब कोण देतो यापेक्षा तो कोण लिहून घेतो, याला किती महत्त्व असते हे इंद्रवेल्लीला मी सांगावयास नको. २० एप्रिल १९८१ रोजी याच गावी सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा १३. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट. एकाच दिवसाच्या, एकाच मैदानावरच्या दोन कथा. तेथे उभा असलेला हुतात्म्यांचा स्तंभ दुसऱ्या कथेची आठवण देतो. ज्या गावाने हे अनुभवले आहे, त्या गावातील वाचक अमीर अलीची जबानी वाचताना साहजिकच विचारील, की दौतलेखणी कोणाच्या हातात होती? विलायतेतील विद्वानाला हा प्रश्न अभ्यासाने सुचतो. इंद्रवेल्लीच्या वाचकाला तो अनुभवाने सुचेल. टेलरच्या वाचनात आपण घालू शकू अशी ही भर आहे, आणि ती लहान नाही.

दुसरे असे, की टेलर आज तीन राज्यांत वाटला गेला आहे. त्याचे नळदुर्ग आणि तुळजापूर महाराष्ट्रात, त्याचे सुरपूर कर्नाटकात, त्याचे बोलारम व हैदराबाद तेलंगणात. मराठी अभ्यासकाला 'तारा' आणि 'म्हैसूरचा वाघ' ठाऊक असतात, पण टेलर मंझिल तो पाहात नाही. सुरपूरच्या स्थानिक इतिहासाचा कन्नड जाणकार व्यंकटप्पा नायकाच्या कथेत रमतो, पण हरिभाऊंपर्यंत पोहोचत नाही. पुरातत्त्वज्ञाला दगडी वर्तुळे माहीत, कादंबऱ्या नव्हेत. आणि इंग्रजीचे प्राध्यापक ठगांपाशी थांबतात. प्रत्येकाच्या ताटात एकेक घास आहे आणि पंगत मात्र कोणी मांडलेली नाही. टेलर ज्या हैदराबाद संस्थानात वावरला ते मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांचे एकत्र कुटुंब होते. कुटुंब विभक्त झाले ते रास्तच झाले. लोकांना आपल्या भाषेत राज्यकारभार हवा होता. पण वाटणीनंतर जुने दप्तर कोणाच्याच वाट्याला पूर्ण आले नाही, आणि ते वाचण्यासाठी लागणाऱ्या चारही भाषा जाणणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

अशी माणसे आपल्या जिल्ह्याने पाहिलेली आहेत. सेतुमाधवराव पगडी हे निजामाच्या मुलकी नोकरीतले अधिकारी. मराठी, उर्दू, फारसी यांवर त्यांचे प्रभुत्व होते. आदिलाबादेस आल्यावर ते गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामी भाषांवर त्यांनी लिहिले, येथील गोंडांवर ग्रंथ रचला, आणि पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे मान्यवर संशोधक झाले. १९४३ पासून मार्लवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शाळा सुरू झाली, तेव्हा गोंडी भाषेची पहिली पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. कारण शिकविण्यासाठी जे थोडे साक्षर गोंड मिळाले, त्यांना मराठी वाचता येत होते. एका भाषेचे ज्ञान दुसऱ्या भाषेच्या उपयोगी कसे पडते, याचा हा जिवंत दाखला आपल्या दाराशी आहे.

तेव्हा माझ्या मित्राच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. टेलरची पूजा करण्यासाठी त्याला वाचावयाचे नाही. त्याला साक्षीदार म्हणून बोलवावयाचे. रस्ते, बाजार, किल्ले, सावकार, मुरळ्या, बेडर शिपाई यांविषयी तो जे सांगतो ते लक्षपूर्वक ऐकून घ्यावयाचे, कारण त्याने ते पाहिले होते आणि त्याचे मन या भूमीवर जडलेले होते. आणि मग त्याची उलटतपासणी घ्यावयाची, कारण तो सत्तेच्या बाजूचा होता. ही उलटतपासणी एकट्याने होण्यासारखी नाही. त्यासाठी तुळजापूरचा एक मनुष्य, सुरपूरचा एक, हैदराबादेचा एक, आणि चारही भाषा कानांवर घेत वाढलेला आदिलाबादचा एक, असे चौघे एका ठिकाणी बसावे लागतील.

बाजार उठल्यावर इंद्रवेल्लीत संध्याकाळी निवांतपणा असतो. ज्याच्या घरी टेलरचे एखादे पुस्तक, हरिभाऊंचा एखादा जुना खंड असेल, त्याने तो काढावा, शेजाऱ्याला वाचून दाखवावा, आणि त्यातले काय खोटे वाटते हे शेजाऱ्यालाच विचारावे. माझ्या मित्राने पुढच्या भेटीत 'उषःकाल' घेऊन येण्याचे कबूल केले आहे. 'तारा' मी नेणार आहे.